पाणी कोणाच्या नावाचं

समीक्षा, तो मोबाईल जरा खाली ठेव. त्या चौकोनात नाव घातलंस का? नाही ना? मग राहू दे. लाईन साडेदहाच्या पुढे येईल, तोवर मोटरीपाशी बसायचंच आहे. ऋत्विक, तूही ये इकडे. दोन तुराट्या टाक त्या शेकोटीत. धूर झाला की डास जातात.

दिवाळीला आलात आणि घराण्याचा वंशवृक्ष काढायला बसलात, चांगलं आहे. मला कौतुकच आहे. पण पणजोबांच्या वर जे नाव घालते आहेस ते कुठून आणलंस? एका जुन्या पुस्तकाचा फोटो कोणीतरी पाठवला, त्यातून. एकाच पुस्तकातून. म्हणून सांगतो, ऐका. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सांगायला लागलो की जीभ आपोआप पुस्तकी होते. पण माणसं जशी बोलली तशीच बोलतील. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

डोणगावचा अविनाश माझा विद्यार्थी. बियाणं-खतांचं दुकान आहे त्याचं. हसरा, बोलका, आणि मोठेपणाची भारी हौस. बायको संजीवनी, म्हातारी आई तानुबाई आणि एकच मुलगी, प्रतीक्षा. चौथीतली. दात पडलेला, तरी दिवसभर बडबड. अविनाशचा जीव तिच्यात.

त्याच्या सासरवाडीला दहा पिढ्या तोंडपाठ, बैठकीत त्याचं मोठं फ्लेक्स लावलंय. आणि याला आजोबांच्या पलीकडे काही ठाऊक नाही. आजोबा कुठून आले असं लहानपणी विचारलं, की ते म्हणायचे, "आलो कुठूनबी. तुले जेवाले भेटते न?" बस, एवढाच इतिहास.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांची घागर भरतात. पुण्यात राहून विसरला असाल. जितकी नावं तितक्या घागरी, आणि ज्या पितराची घागर त्याच्या नावानं एक जिवंत माणूस जेवायला बोलवायचा, घराबाहेरचा. त्या दिवसापुरतं त्यालाच पितर म्हणायचं. जेवला, की हातावर विडा ठेवून त्याला उंबऱ्याबाहेर पोचवायचं. अविनाशच्या घरी वडील आणि आजोबा दोघांचीच नावं. पणजोबांसाठी तानुबाई निखाऱ्यावर घास टाकून हात जोडायच्या, "तुम्ही जे कोनी असान ते, गोड करून घ्या." इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं.

यंदा अखजी तीस एप्रिलला होती, बुधवारी. दोन दिवस आधी अविनाश मेहकरला घागरी आणायला गेला आणि येताना माझ्याकडे थांबला. पायरीवरूनच ओरडला, "सर, सापडला! पणजोबा सापडला!"

हातात एक जुनं पुस्तक. पैनगंगेच्या काठच्या एका गावाचा इतिहास. गावाचं नाव मी सांगणार नाही, तिथं लोक राहतात अजून. लिहिणारे कोणी हौशी गृहस्थ होते. गावात फिरायचे, लोक सांगतील ते टिपायचे. ज्या घरी पाहुणचार चांगला झाला, त्या घरच्या पणजोबाला पुस्तकात घोडं मिळालंय. जिथं नुसता चहा झाला तिथं पणजोबा पायीच. अशी पुस्तकं मी पुष्कळ पाहिली. फेकून द्यायची नसतात, पण त्यांच्याशी ओट्यावर बसून गप्पा माराव्यात, एकदम देवघरात नेऊ नये.

त्यात एका पानावर होतं, रायभान नावाचा मोठा शेतकरी, त्यानं विहीर खोदली, आणि "याचे वंशज सध्या डोणगावी आहेत". पुढे अविनाशचं आडनाव. मी मागची पानं चाळली. विहिरींच्या प्रकरणात तोच रायभान, तीच विहीर, आणि लिहिलेलं, "निपुत्रिक वारल्याने जमीन सरकारजमा झाली."

मी म्हटलं, "अविनाश, एक तर हा निपुत्रिक वारला, नाहीतर तू त्याचा पणतू. दोन्ही कसं?"

"छापनाऱ्याची चूक असन, सर."

"मग चूक कोणत्या पानावर आहे हे तू कसं ठरवलंस?"

तो हसला. म्हणाला, "ज्या पानावर माहं नाव नाई, त्या पानावर."

मी चिडलो. चिडतोच मी. म्हटलं, अरे, त्या गावात जा, दुसऱ्या कोणाला विचार. ज्याला तुझ्याकडून काही नको, ज्याचा यात कसलाच मोठेपणा नाही, असा माणूस तेच सांगतो का बघ. तो म्हणाला, "जाईन न सर, अखजी झाली की." आणि गाडीला घागरी बांधून गेला. तीन घागरी होत्या.

बुधवारी दुपारी मलाही जेवायला बोलावणं होतं. मी काही पितर नाही, साधा पाहुणा. रायभानच्या नावानं शेजारचे नारायणराव पाटावर बसले होते. सत्तरीचा माणूस, साखरेचा आजार, दीड पोळीवर हात धुणारा. बसतानाही चेष्टा चालली होती, "अविनाश, तुह्या पंजाले रस लय चालत नाई बरं, डॉक्टरनं सांगतलं." आम्ही सगळे हसलो.

अविनाशनं तिसऱ्या घागरीवर पाणी सोडलं आणि मोठ्यानं नाव घेतलं. रायभान. आमचे पणजोबा. या. जेवा.

नारायणराव जेवू लागले.

पहिली पोळी, दुसरी, तिसरी. मी गंमत म्हणून बघत होतो. पाचवी झाली तेव्हा मी बघायचं थांबलो. ते चावत नव्हते. मान खाली. रसाच्या वाट्यांमागून वाट्या. संजीवनी रसाचं भांडंच जवळ घेऊन बसली. पंखा तेवढा फिरत होता.

मग त्यांनी मान वर केली. आवाज त्यांचाच होता, पण अगदी कोरडा.

"लय वर्षानं जेवलो."

तानुबाईंनी घाईनं विडा पुढे केला. त्यांनी मूठ मिटलीच नाही. विडा पाटावर पडला. ते दाराकडे बघत होते. दारात प्रतीक्षा उभी होती.

"हे... माही व्हय?"

अविनाश हसल्यासारखं करत म्हणाला, "हाव. तुमचीच."

मी त्याचा दंड धरला, पण बोलून गेला होता तो. नारायणरावांची मान पुन्हा खाली गेली. थोड्या वेळानं त्यांनी आमच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं. समोरचं ताट पुसल्यासारखं लख्ख. आणि म्हणाले, "अव माय, वाढा न. कवाचा बसलो, भूक लागली मले."

त्यांना काही आठवत नव्हतं. तानुबाईंनी त्यांना परत वाढलं. दीड पोळी जेवले आणि विडा घेऊन गेले.

म्हणजे विडा नारायणरावांनी घेतला. त्यांच्या आधी जो जेवला, त्यानं घेतलाच नाही.

त्याच रात्री प्रतीक्षा पाणी प्यायला उठली. उन्हाळा होता, कोणाला त्यात काय वाटणार. पुन्हा उठली. पुन्हा. सकाळी तिचे ओठ फुटलेले होते. तांबेच्या तांबे पाणी पाजलं तरी जीभ कोरडी. आणि स्वयंपाकघरातल्या त्या घागरी, वडिलांची आणि आजोबांची, रिकाम्या. तळाला ओल नाही. तिसरी काठोकाठ भरलेली.

गुरुवारी रात्री तानुबाईंना जाग आली. स्वयंपाकघरात पावलं वाजली. पोरगी अंधारात उभी, हातात पेला, आणि पेला समोर धरलेला. समोर भिंत.

"कोनाले पानी देतं व?"

"आबाले."

"कोन्त्या आबाले?"

"हे काय... बसले नाई का पाटावर."

म्हातारीनं तिला उचललं आणि देवापुढे जाऊन बसली. सकाळपर्यंत दिवा विझू दिला नाही. पेला कुठं पडला ते तिनं पाहिलं नाही, पण मला सांगत होती, मास्तर, पडल्याचा आवाज आला नाही.

शुक्रवारी पोरगी उठेना. मेहकरला एका दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय. बरोबरच आहे, पारा त्रेचाळीसवर होता. सलाईन लावलं. एक बाटली, दुसरी, तिसरी. डॉक्टर हुशार होते, पण शनिवारी संध्याकाळी त्यांनी अविनाशला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, अंगात पाणी ठरत नाही, कारण सापडत नाही, रात्रीत सुधारली नाही तर अकोल्याला हलवा. तिथवर टिकेल का, हे अविनाशनं विचारलं. डॉक्टर सलाईन बघायला पुन्हा आत गेले.

तीन मेची रात्र. नऊच्या सुमारास अविनाश माझ्या दारात. दाढी वाढलेली, डोळे लाल. तिसरी घागर ओल्या फडक्यात बांधून गाडीवर घेतलेली.

"सर, त्या गावात कोनी ओयखीचं आहे तुमच्या?"

मला त्याला रागवायचं होतं. पण त्याच्याकडे पाहून माझेच डोळे भरून आले. मी फारुखला फोन लावला. फारुखही माझाच विद्यार्थी. ती विहीर आज ज्या शेतात आहे ते शेत त्याच्या घरच्यांकडे दोन पिढ्या आहे. पुढचं मी पाहिलेलं नाही. त्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळलं. म्हणून मी ते खरं मानतो.

फारुख बांधावर बॅटरी घेऊन उभा होता. चंद्र अजून मावळला नव्हता. अविनाशनं उतरल्या उतरल्या विचारलं, "रायभानले लेकरू होतं का?"

"नाई, भाऊ. बायको बाळंतपनात गेली त्याची. बाळबी गेलं. मग त्यानं दुसरी केली नाई. आमची दादी सांगे."

"मंग आमचं आडनाव कसं काय त्याच्यासंगं?"

फारुख विहिरीकडे बघू लागला. अविनाशनं त्याचा हात धरला. "सांग बे. माही पोरगी मरून राह्यली."

"त्याच्या घरी एक गडी राहे. त्या आडनावाचा. मानमोडीची साथ आली तवा सारं गाव रानात पांगलं. रायभान तापानं पडला होता, उठता येत नव्हतं. गडी राह्यला होता त्याच्याजोळ. पन एका रात्री तोबी पयाला. डोनगावकडं गेला म्हनत." फारुखनं बॅटरी खाली केली. "दादीची सासू सांगे, तीन दिवस आवाज येत होता. पानी द्या, पानी द्या. सारे आयकत होते. जवळ कोनी गेलं नाई. भेव होतं न साथीचं."

म्हणजे दोन नावं एका घरात राहिली होती, एवढंच लोकांच्या लक्षात होतं. लिहिणाऱ्यानं त्यांना बापलेक करून टाकलं.

आणि अविनाशनं शंभर वर्षं तहानलेल्या माणसाला घरी बोलावून सांगितलं होतं, पोरगी तुमचीच.

विहीर बुजलेली. काठाशी दगडांचा ढिगारा, तिथंच पूर्वी घर होतं. अविनाश एकटा पुढे गेला. फारुख बांधावरच थांबला, तोंडात कलमा. मागं नांगरून ठेवलेलं रान. वारा नाही. कुत्रं नाही. रातकिडेही... बंद.

अविनाशनं घागर ढिगाऱ्यापुढे ठेवली. फडकं सोडलं. काठोकाठ पाणी, त्यात चंद्र.

"रायभानबुवा," तो म्हणाला. "मी... मी तुमचा पंतू नाई."

काही नाही.

"तुमच्या गड्याचा हावो मी. तुमाले टाकून पयाला त्याचा."

काही नाही.

"त्याच्या वाटची माफी मांगतो. मी चुकीचं बोललो. ते पोरगी तुमची नाई. माही आहे. तिले सोडा."

मग घागरीतला चंद्र हलला.

फारुखनं बॅटरी मारली. त्याला वाटलं, घागर झिरपते आहे. खाली माती कोरडी होती. पाणी... खाली चाललं होतं. आणि आवाज.

घट.

घट... घट.

कोणीतरी पीत होतं. हात नाही, तोंड नाही. नुसता घसा. बोटभर. वीतभर. थांबत नव्हतं. अविनाश गुडघ्यावर बसलेला. हात जोडलेले. उठायचं होतं, उठता येत नव्हतं.

शेवटचा घोट.

मग एक उसासा. फारुख म्हणतो तो माणसाचा होता. आणि अविनाशच्या कानाशी, अगदी कानाशी...

"माहं... कोनीच नाई?"

समीक्षा, मी मास्तर आहे, मी काही म्हणू शकतो इथं बसून. हो, कोणीच नाही, असं म्हणायला हवं होतं. स्पष्ट. पण समोर शंभर वर्षांचा एकटा माणूस. अविनाशला रडू आलं. भीतीनं नाही, तो म्हणतो. नुसतं रडू आलं. त्याला "नाही" म्हणता आलं नाही. "हो"ही म्हणता आलं नाही.

तो गप्प राहिला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दवाखान्यातून संजीवनी. हुंदके देत होती. "अवो, पोरगी उठली. पानी मांगलं तिनं. पेली. आन आता घामानं भिजली." अंगात पाणी ठरलं होतं. अविनाश तिथंच मातीत डोकं टेकून बसला. फारुखनं त्याला धरून गाडीपर्यंत आणलं आणि मेहकरपर्यंत मागं बसवून नेलं. घागर तिथंच राहिली. सकाळी फारुखनं जाऊन पाहिलं तेव्हा ती वाळून तडकली होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पोरगी वाचली. मीही तेच म्हणत होतो. रविवारी सकाळी मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती बिस्किट खात बडबडत होती, आणि मी अविनाशला सांगत होतो की ते पुस्तक कोणालाही दे, पण आधी त्या पानावर पेन्सिलीनं लिही, हे चूक आहे.

बिस्किट ती एकाच हातानं खात होती. दुसरी मूठ घट्ट आवळलेली. संजीवनीनं लाडीगोडी करून उघडली.

आत चांदीचा वाळा होता. काळा पडलेला, झिजलेला नाही. कोणी कधी घातलेलाच नव्हता. एवढासा. प्रतीक्षाच्या मनगटातही गेला नसता. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या पायाचा.

"कोनं देल्ला व?"

"आबानं."

"तुले देल्ला?"

"नाई." तिनं मान हलवली. "मले म्हने, जपून ठेव. बाळाचा आहे."

घरात बाळ कुठं होतं? अविनाश तो वाळा नदीत टाकायला निघाला होता. तानुबाईंनी टाकू दिला नाही. दिलेलं टाकलं तर तो परत मागायला येईल, म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी संजीवनीला कळलं, तिला दिवस गेलेत. प्रतीक्षानंतर नऊ वर्षांनी. डॉक्टरांनी तारखा मोजल्या. अखजीच्या आधीचेच होते. म्हणजे घरात बाळ होतंच.

आता सातवा महिना लागलाय. तब्येत चांगली आहे, मी परवाच जाऊन आलो. अविनाश रात्री झोपत नाही. दाराशी बसून असतो.

कारण वाळे कोणी एक घडवत नाही. ते जोडीचे असतात.

दुसरा अजून आलेला नाही.